खिशातला तानपुरा आणि त्याचा कारागीर

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा संगीतप्रेमी महाराष्ट्राला आनंद झाला, तसा आम्हांसही झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या नि त्यांना धार लावणाऱ्या घराण्यातील, फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्ये बनवायला घेतली. शस्त्रांचे दिवस सरत होते. त्या हातांना दुसरे काम हवे होते. पुढच्या पिढ्या 'सतारमेकर' म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. सोलापूर जिल्ह्यातला भोपळा, मुरवलेले लाकूड आणि पिढीजात कान यांतून जे वाद्य उभे राहते, त्याची थोरवी उशिरा का होईना, कागदोपत्री मान्य झाली. ती बातमी वाचून आम्ही संध्याकाळी नेहमीप्रमाणे रियाजाला बसलो. समोर मात्र मिरजेचा तानपुरा नव्हता. पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केलेला भ्रमणध्वनी होता आणि त्यातून काळी दोनचा षड्ज वाजत होता.

आज हिंदुस्तानी संगीत शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची स्थिती आमच्यासारखीच आहे. तानपुरा महाग, दोन खोल्यांच्या घरात जागा अडवणारा, प्रवासात लेकरासारखा जपावा लागणारा. शिवाय तो जुळवायला कान तयार असावा लागतो, आणि कान तयार व्हायला जुळलेला तानपुरा लागतो. या पेचातून खिशातल्या यंत्राने आपली सुटका केली. तानपुरा, तबल्याचा ठेका, वादकांसाठी लेहरा, अशी सारी साथ काही शे रुपयांत आणि पुष्कळदा चकटफू मिळू लागली. गुरुजी 'हे घे' म्हणून ॲपचे नाव सांगतात, आपण ते उतरवून घेतो आणि गाऊ लागतो. तो तानपुरा कोणी घडवला, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. मिरजेच्या कारागिराचे नाव गुरुजींना ठाऊक असते, त्याच्या बापाचेही असते. फोनमधल्या तानपुऱ्याला जणू जन्मदाताच नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. फोनवरची ही वाद्ये बनवणारे स्वतंत्र विकसक हे आजचे वाद्यकार आहेत. वाद्यकाराला समाजाने जो आश्रय द्यायचा असतो, तो आपण त्यांना देत नाही. असेच चालू राहिले तर त्यात त्यांचे नुकसान होईलच. पण त्याहून मोठे नुकसान आपल्या संगीताचे होईल.

ही तुलनाच काहींना खटकेल, हे आम्ही जाणतो. लाकूड, तार आणि भोपळा यांची बरोबरी आज्ञावलीच्या ओळींशी कशी करावी? बरोबरी नाहीच. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी बसला की तार घोडीला घासत, स्पर्शत कंप पावते आणि तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. यालाच आपण जवारी म्हणतो. खर्जाची तार छेडली की काही वेळाने गांधार ऐकू येतो, तो कोणी वाजवलेला नसतो, म्हणून त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. फोनच्या नखाएवढ्या ध्वनिक्षेपकातून खर्ज मुळात निघतच नाही. वरचे स्वर ऐकून आपला कान त्याची कल्पना करून घेतो. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने खरा तानपुरा घ्यावा, मिरजेचाच घ्यावा आणि मांडीशी घेऊन गावे. याविषयी आमचे दुमत नाही.

परंतु साधनाकडे नाक मुरडण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेप खोटा नव्हता. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा शंभर सेंटचा होतो आणि शुद्ध गांधार ४०० सेंटवर येऊन बसतो. तानपुऱ्यातून उमटणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटचा फरक कानाला टोचतो. पण हा दोष ओळखून तो काढण्याची खटपट करणारी माणसेही याच मातीत झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा ध्यास घेतला. त्यांच्या स्वरनिश्चितीच्या कामी मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांनी गाऊन साहाय्य केले. पेटी तयार झाली, १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झडले; प्रचारात मात्र ती आली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा घडवून दाखवली. एका सरकारी अधिकाऱ्याने किंवा एका डॉक्टरने स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या वेळात वाद्याचा एक दोष दूर करायला घ्यावा, ही आपल्याकडची एक परंपराच आहे. आजचा विकसक याच परंपरेतला आहे. देवलांना पितळी पट्ट्या घासाव्या लागल्या असत्या, तिथे तो आकडा बदलतो. गांधार दोन सेंटने उतरतो.

विजेवर चालणाऱ्या तानपुऱ्याची कथाही अशीच आहे. बंगळुरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला. त्या काळी त्याची थट्टा झाली असेलच. पण पुढल्या वीस वर्षांत ती छोटी पेटी संगीतशाळांतून, गायकांच्या प्रवासी पिशव्यांतून, पुढे पुढे मैफलींतूनही दिसू लागली. पेटीनंतर फोन आला. 'आयतबला प्रो'सारखे ॲप आयफोनच्या आरंभकाळापासून तानपुरा आणि तबला यांची साथ एकत्र देत आले आहे आणि त्याच्या विक्रेत्याच्या जागी एखाद्या कंपनीचे नव्हे, तर एका व्यक्तीचे नाव असते. हा तपशील लहान आहे; आमच्या लेखाचा विषय मात्र तोच आहे.

फोन हे वाद्य होऊ शकते, ही गोष्ट आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी दोन वेगळे प्रयोग झाले. स्टॅनफर्डचे प्राध्यापक गे वांग यांनी सहसंस्थापित केलेल्या 'स्म्यूल' कंपनीने 'ओकारिना' आणले. फोनच्या मायक्रोफोनमध्ये फुंकायचे आणि पडद्यावरची चार छिद्रे बोटांनी झाकायची, की सूर निघे. ब्रायन ईनो आणि पीटर चिल्व्हर्स यांनी 'ब्लूम' आणले. त्यात पडद्यावर बोट टेकवताच एक सूर उठे आणि फिरून फिरून येत विरत जाई. २०१० साली 'गोरिलाझ' या बँडने अमेरिकेच्या दौऱ्यात 'द फॉल' हा अल्बम बव्हंशी आयपॅडवर मुद्रित केला. पुढे स्टीव्ह लेसी या तरुणाने आयफोनवरच गाणी रचली आणि २०१७ साली केंड्रिक लामारच्या अल्बममधील एका गाण्याच्या निर्मितीतही त्याचा हात होता. अलेक्झांडर झोलोतोव यांचे 'सनवॉक्स' हे तर एका माणसाच्या चिकाटीचे उदाहरणच. संगणकावर ते विनामूल्य मिळते, फोनवर विकत, आणि त्या विक्रीवर पुढचे काम चालते.

आता कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्या हे सगळे देतच आहेत की! लेसीने वापरलेले 'गॅरेजबँड' ॲपलचेच आहे आणि आज ते फुकट आहे. मग एकट्यादुकट्या विकसकाचे एवढे कौतुक कशाला? या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते विलंबित एकतालात आहे.

जुन्या यांत्रिक मेट्रोनोमच्या पट्टीवर मिनिटाला चाळीस ठोक्यांच्या खाली आकडाच नसे. विलंबित ख्यालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा. ज्याने ते यंत्र बनवले त्याने आपल्यावर काही अन्याय केला असे नव्हे. त्याच्या संगीतात ती गरजच नव्हती. प्रत्येक साधन आपल्या कर्त्याच्या कानांनी ऐकत असते. मोठ्या कंपनीचे संगीताचे ॲप उघडावे, तर चार मात्रांचा ठोका, बारा समान स्वर आणि पियानोची पट्टी समोर येते. त्यात तबल्याचे आवाज असतीलही. पण तबल्याचा आवाज निराळा आणि ठेका निराळा. तिलवाडा आणि त्रिताल दोन्ही सोळा मात्रांचे असूनही त्यांची चाल एक नाही. विलंबितात दोन मात्रांमधली जागा तबलजी कशी भरतो, झुमऱ्यात चौदा मात्रांचा तोल कसा राखतो, मारव्याला पंचम वर्ज्य म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला का लावतात, हे सर्व ज्याला ठाऊक आहे किंवा जाणून घेण्याची ओढ आहे, तोच ते ॲपमध्ये घालील. कोट्यवधी ग्राहकांचा हिशेब करणाऱ्या कंपनीला आपल्या काही लाख विद्यार्थ्यांसाठी हा खटाटोप परवडत नाही. तो परवडतो रात्री घरी आल्यावर रियाज करणाऱ्या अभियंत्याला.

इथे काय पणाला लागले आहे, ते ध्यानात यावे. ज्या गावात तबलजी नाही, तानपुरा नाही, तिथल्या मुलीचा कान फोनवर तयार होणार आहे. तो आजच होऊ लागला आहे. त्या फोनमध्ये स्वतंत्र विकसकाचे ॲप असेल तर तिला झपताल मिळेल आणि स्वयंभू गांधाराच्या जवळ जाणारा गांधार मिळेल. नसेल तर जे फुकट आणि समोर आहे त्यावर ती गाईल आणि चौदा सेंट चढा गांधारच तिला खरा वाटू लागेल. ही चूक तिला कोणी दाखवून देणार नाही, कारण दाखवणाऱ्याचा कानही त्याच ॲपवर तयार झालेला असेल.

आता या कारागिराच्या कामाचे स्वरूप पाहू, कारण आपल्या बेफिकिरीचे मूळ ते न कळण्यात आहे. मिरजेत पन्नास वर्षांपूर्वी बनलेला तानपुरा आजही वाजतो. तारा बदलाव्या लागतात, अधूनमधून जवारी काढून घ्यावी लागते. पण वाद्य तेच. ॲपचे तसे नाही. ते दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेले घर आहे आणि ती जमीन दर वर्षी हलते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनची अकरावी प्रणाली आली आणि ३२ बिटांसाठी लिहिलेली सारी जुनी ॲप एका रात्रीत निरुपयोगी झाली. ज्यांच्या कर्त्यांनी ती नव्याने बांधली तेवढीच उरली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. फोनवरची निरनिराळी संगीत-ॲप एकमेकांना जोडता यावीत, एकाचा आवाज दुसऱ्यातून काढता यावा, यासाठी २०१२ च्या डिसेंबरात मायकेल टायसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'ऑडिओबस' आणले. अनेक छोट्या विकसकांनी आपापली ॲप त्याला जोडून घेतली. पुढच्याच वर्षी ॲपलने अशीच स्वतःची सोय दिली. पुन्हा सगळ्यांनी बदल केले. २०१५ साली ॲपलनेच तिसरी, अधिक चांगली पद्धत आणली आणि २०१९ साली आधीची दुसरी पद्धत मोडीत निघणार असे जाहीर केले. बदल चांगल्यासाठी झाले असतील. आम्ही त्याविषयी तक्रार करीत नाही. पण प्रत्येक बदलात त्या एकट्या माणसाचे काही महिने गेले आणि वापरणाऱ्याच्या कानाला त्यातून नवे काहीच ऐकू आले नाही. जे होते ते चालू राहिले, एवढेच.

अँड्रॉइडची अडचण निराळी. आपल्या देशातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत. संगीताची उत्तम ॲप मात्र दीर्घकाळ आयफोनवरच येत राहिली. याला श्रीमंती-गरिबीखेरीज एक तांत्रिक कारण आहे. बोट पडद्यावर पडल्यापासून आवाज निघेपर्यंत जो विलंब लागतो, तो वादनात दहा-वीस सहस्रांश सेकंदांपलीकडे गेला की हाताला जाणवू लागतो. 'धा' वाजवला आणि तो मागाहून आला असे होते. जुन्या अँड्रॉइड फोनांत हा विलंब याच्या कितीतरी पट असे आणि तो प्रत्येक फोनात वेगळा असे. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून गूगलने यासाठी नवी व्यवस्था दिली आणि स्थिती सुधारली. तरीही शेकडो प्रकारच्या फोनांवर आपले वाद्य नीट वाजते की नाही, हे पाहण्याचे ओझे शेवटी विकसकावरच पडते. स्वस्त फोनवाल्या विद्यार्थ्यासाठी चांगला तानपुरा बनवणे हे महागड्या फोनवाल्यासाठी बनवण्यापेक्षा अधिक कष्टाचे आहे आणि त्यात मिळकत कमी आहे.

इथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्याकडे तानपुऱ्याचे एक लहानसे ॲप होते. फार देखणे नव्हते, पण त्यातल्या जोडाच्या तारांत एक मऊपणा होता, तो पुढे कुठे मिळाला नाही. ते फुकट होते. खालच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ असे की हे आवडल्यास पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी. ती किंमत आमच्या महिन्याच्या चहाच्या खर्चाहून कमी होती. चार वर्षे आम्ही ती ओळ रोज वाचली, आणि ती विनंती आमच्यासाठी नसून दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजून गात राहिलो. मग जुना फोन बिघडला, नवा घेतला आणि ते ॲप शोधू गेलो, तर त्याचे नावच उरले नव्हते. महाजालावर कर्त्याचा पत्ता शोधला, तर त्याने दीड वर्षापूर्वी दोन ओळी लिहून निरोप घेतला होता. नोकरी सांभाळून हे काम पुढे नेणे जमत नाही, आजवर ज्यांनी वापरले त्यांचे आभार, एवढेच. त्या आभारांत आम्हीही होतो. एवढे अनर्जित आभार आमच्या वाट्याला क्वचितच आले असतील.

हिशेब मांडून पाहू. समजा, पाचशे रुपयांचे एक ॲप आपण विकत घेतले. त्यात अठरा टक्के वस्तू-सेवा कर अंतर्भूत असतो; तो वजा जाता ४२४ रुपयांच्या आसपास उरतात. त्यातून दुकानाचा वाटा जातो. हा वाटा आरंभी सरसकट तीस टक्के होता. वर्षाला दहा लाख डॉलरांच्या आतबाहेरची मर्यादा आखून २०२१ साली ॲपल आणि गूगल या दोघांनीही लहान विकसकांसाठी तो पंधरा टक्क्यांवर आणला. म्हणजे हाती साधारण ३६० रुपये येतात. वर्षाला पाचशे माणसांनी ते घेतले, आणि आपल्या संगीतासारख्या अरुंद क्षेत्रात पाचशे ही संख्या लहान नव्हे, तर एक लाख ऐंशी हजार होतात. त्यातून ॲपलला वर्षाचे ९९ डॉलर शुल्क द्यायचे, चाचणीसाठी फोन घ्यायचे, वादकाला बोलावून ध्वनिमुद्रण करायचे, वर आयकर. एखाद्या कुशल संगणक अभियंत्याला नोकरीत याहून अधिक पैसे काही महिन्यांत मिळतात. तेव्हा ही माणसे हे काम पैशासाठी करीत नाहीत, हे उघड आहे. पण ज्या कामात पैसा नाही आणि दादही नाही, ते किती वर्षे चालेल?

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप वर्गणीचा. पूर्वी ॲप एकदा घेतले की झाले. आता विकसक दरमहा वा दरसाल पैसे मागतात आणि लोक रागावतात. हा राग आम्हांसही येतो. वाद्य भाड्याने घेतल्यासारखे वाटते. हप्ता चुकला की षड्ज बंद! परंतु वर सांगितलेली डागडुजी जर दरसाल करावी लागत असेल, तर तिचे पैसेही दरसाल कुठून तरी यावे लागतील. मधला मार्ग आहे: मूळ वाद्य एकदा विकत द्यावे आणि ते मालकाचे राहू द्यावे, नवे ठेके, नवे तानपुरे, मोठ्या सुधारणा यांचे वेगळे मोल घ्यावे. असे काही विकसक करतातही. जो असे करतो त्याला आपण आधी उचलून धरावे.

दुसरा आक्षेप गरिबीचा आणि तो खरा आहे. ज्या विद्यार्थ्याची शिकवणीची फी थकली आहे, त्याने पाचशे रुपये द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्यासाठी फुकट आवृत्ती असलीच पाहिजे. पण ती तेव्हाच टिकते जेव्हा ज्याला शक्य आहे तो पूर्ण किंमत मोजतो. आम्ही चार वर्षे न दिलेले पैसे विकसकाचे तर होतेच. अशा एखाद्या विद्यार्थ्याचेही होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: या यंत्रांनी मिरजेच्या कारागिराचे आणि गावोगावच्या तबलजीचे काम हिरावले नाही काय? काही प्रमाणात हिरावले. शिकवणीत ठेका धरून चार पैसे मिळवणारा होतकरू तबलजी आता कमी ठिकाणी दिसतो, आणि त्या बैठकांतच तो साथ शिकत असे. यंत्राच्या ठेक्यावर वाढलेला गायक समेवर बिनचूक येतो. पण साथीदार किंचित पुढेमागे झाला की गोंधळतो, हेही आम्ही पाहिले आहे. या हानीला ॲपचा विकसक पूर्णपणे निर्दोष आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतकेच म्हणता येईल की फोन आता घरात आलाच आहे. त्यात आपल्या वाद्यांची जाण असलेल्याचे ॲप असावे की नसलेल्याचे, एवढाच प्रश्न आपल्या हाती उरला आहे. जाणकार विकसक तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करायला कारागिराच्या दारी जातो, ठेक्यासाठी तबलजीला बोलावतो. त्यांना त्याचे रास्त मोल द्यावे आणि वाद्य कोणाचे, हात कोणाचा, हे ॲपमध्ये ठळक लिहावे, ही अपेक्षा आपण विकसकाकडून निःसंकोच ठेवावी. आश्रय देणाऱ्याला तेवढा अधिकार असतोच.

तेव्हा करावे काय? ज्या ॲपवर आपण रोज गातो, त्याचे पैसे द्यावेत, हे पहिले. त्याच्या कर्त्याचे नाव माहीत करून घ्यावे आणि शिष्यांना ॲपचे नाव सांगताना तेही सांगावे. ठेक्यात चूक आढळली तर दुकानात एक तारा देऊन मोकळे होण्यापेक्षा त्याला पत्र लिहावे. दादऱ्याची चाल बिघडली आहे हे त्याला जाणत्या कानाकडूनच कळू शकते. संगीतविद्यालयांनी वाद्यांच्या खरेदीत दरवर्षी दोन-चार हजारांची तरतूद या वाद्यांसाठीही करावी. तबल्याची शाई नि पुडी बदलण्यावर ती खर्च करतातच. आणि विकसकांना एक विनंती: ज्या दिवशी काम थांबवावे लागेल, त्या दिवशी शक्य असल्यास आपली आज्ञावली आणि आपली ध्वनिमुद्रणे खुली करून जा. मोडलेला तानपुरा दुसरा कारागीर दुरुस्त करू शकतो. मिटलेल्या ॲपचे तसे होत नाही. ते मऊ जोड आता जगात कुठेही वाजत नाहीत, आणि कोणी म्हटले तरी पुन्हा वाजवता येणार नाहीत.

फरीदसाहेबांच्या काळी मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते. दरबारात गवई होते, त्यांना वाद्ये लागत, वाद्ये घडवणाऱ्याला काम मिळे. पुढे संस्थाने गेली, तरी गुरू-शिष्यांनी नि रसिकांनी मिरजेचा रस्ता सोडला नाही, म्हणून ती पेठ टिकली. फोनवरच्या वाद्यकाराला संस्थानिक कधीच मिळणार नाही. त्याचे आश्रयदाते म्हणजे काही हजार विखुरलेले विद्यार्थी, त्यांचे गुरू आणि आमच्यासारखे हौशी गाणारे. आम्ही आता दुसरे ॲप घेतले आहे, पैसे देऊन. त्यातले जोड तितके मऊ नाहीत. गेल्या आठवड्यात विकसकाला तसे लिहिले. त्याचे दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: तुमचा तानपुरा स्त्री-स्वराचा लावला आहे काय, आणि फोन कोणता? उत्तर लिहायला घेतले आणि जाणवले, की एखाद्या वाद्यकाराशी आपल्या वाद्याविषयी आम्ही प्रथमच बोलत आहोत.